पिंजऱ्याबाहेर दीड वीत

दादाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्ली तिला आत्या म्हणू लागली. मुलगी लग्न होऊन दूरदेशी गेली, नाव मात्र इथेच राहिलं. बसडेपोत तर तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला हेड मेकॅनिकही ‘आत्या, साडेसातची गाडी कुठे लावू?’ असं विचारायचा. आत्या तिथे वेळापत्रकं करायची. कोणत्या बसने कधी निघायचं, कुठे किती थांबायचं आणि कधी परत यायचं हे तिने एकतीस वर्षं ठरवलं. बसगाड्यांनी ते किती ऐकलं, हा भाग वेगळा. निवृत्तीनंतर बसगाड्या सुटल्या, पण खोड काही सुटली नाही. आता वेळापत्रक घरातल्या दोन माणसांवर चालायचं, दादावर आणि वहिनीवर. तीही बसगाड्यांइतकीच ऐकायची.

आत्याचं दुसरं वेड पक्ष्यांचं. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. नवा पक्षी दिसला की तिच्यात त्याला नंबर मिळायचा, आणि सोबत तारीख, वेळ, जागा, रंग, ढंग. वहीच्या पहिल्याच पानावर नियम लिहिलेला होता : पिंजऱ्यातला पक्षी मोजणीत धरायचा नाही. या नियमापायी आत्याने प्राणिसंग्रहालयाची पायरी पंचवीस वर्षांत चढली नव्हती. “तिथे जाऊन पक्षी बघणं म्हणजे खाटकाच्या दुकानात जाऊन शिकार केली म्हणण्यासारखं आहे,” असं ती म्हणायची. दर सुट्टीत वहिनी विचारायची, दर सुट्टीत आत्या हेच उत्तर द्यायची, आणि वहिनी ‘बरं बाई शिकारी’ म्हणून पुन्हा कामाला लागायची.

अठरा दिवसांपूर्वी तळ्याकाठी वहिनीबरोबर फिरताना, दिवेलागणीला, आत्याला तीनशेवा पक्षी दिसला. तपस. बगळ्याच्या कुळातला, वेताच्या रंगाचा, भारी लाजाळू. माणसाची चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून बोरूत बोरू होऊन उभा राहतो.

आता तीनशे हा काही साधा आकडा नव्हे. गावातल्या पक्षी मंडळाच्या मोठ्या वहीत ‘तीनशेचं पान’ आहे. तीनशे झाले की माणसाने मंडळासमोर उभं राहायचं, तीनशेव्या पक्ष्याची जागेवर केलेली नोंद जशीच्या तशी मोठ्याने वाचायची आणि त्या पानावर हिरव्या शाईने सही करायची. चाळीस वर्षांत सहा सह्या झाल्या होत्या. तिथे फोटो मागत नाहीत, पुरावाही मागत नाहीत. आणि मागत नाहीत म्हणूनच खोटं वाचायची सोय नसते.

रविवारी सातवी सही आत्याची होती. सोमवारी दुपारी ती वाचनाचा सराव करायला बसली आणि चौथ्याच ओळीला अडखळली. अक्षर तिचंच होतं : ‘पाठीवर पांढरे थेंब.’

तपसाच्या पाठीवर थेंब नसतात. तपसाच्या अंगावर रेघा असतात. थेंब असतात ते रातबगळ्याच्या पिल्लाला, म्हणजे पोरसवदा रातबगळ्याला. तोही तपकिरी, तोही तेवढाच, आणि रातबगळा आत्याच्या वहीत कधीच चौऱ्याहत्तर नंबरला बसला होता. पण हे थेंब तिला आठवतच नव्हते. आठवत होती ती वर केलेली मान, आणि स्वतःच्या छातीतली धडधड.

तिने तीन पुस्तकं काढली. तिन्हींत तपस वेगवेगळा होता. एकात तर तो नुकताच आजारातून उठलेला दिसत होता. चित्र हलत नाही, वळत नाही, पाठ दाखवत नाही. जिवंत तपस आठवड्याच्या आत हमखास कुठे दिसेल? गावात एकच जागा होती. तिचं नाव मनात आलं आणि आत्याने उठून उगाच खिडकी लावली.

मंगळवारी संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर डेपोतला जुना आखीव कागद ठेवला.

“गुरुवारी आपण प्राणिसंग्रहालयात जातोय,” ती म्हणाली. “तिघं.”

दादाने वर्तमानपत्र खाली केलं. “कोण आपण?”

“तू नेहमी म्हणतोस ना, जाऊया जाऊया.”

“मी पंचवीस वर्षांपूर्वी म्हणायचो.”

“मग काय, मंजूर व्हायला वेळ लागतो.”

वहिनीने हात पुसले, चष्मा चढवला आणि कागद ओढून घेतला. तिने तीस वर्षं औषधांच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं वाचली होती. जिने ती वाचली, तिच्यापुढे माणसाचा चेहरा म्हणजे ठळक छापाचं अंकलिपीचं पुस्तक.

“आठ दहाला घर,” ती मोठ्याने वाचू लागली. “आठ चोवीसची बस. नऊ पाचला फाटक. हत्ती, सात मिनिटं. वाघ, नऊ, कंसात, झोपला असल्यास चार. माकडं…” ती थांबली. “माकडं वगळण्यात आली आहेत, घरी पुरेशी करमणूक आहे. हे कोणाला गं?”

“कोणाला लागलं?”

“दादा, पाट्या वाचणे, अकरा मिनिटं.”

“अकरा?” दादा कळवळला. त्याने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. रस्त्याने चालताना तो माणसांना ओळख देत नसे, अक्षरांना देई. “तिथे साठ-सत्तर पाट्या असतील!”

“पाणथळीचा पिंजरा,” वहिनीचा आवाज हळू झाला, “दहा तीस ते अकरा वीस. पन्नास मिनिटं.” चष्म्यावरून तिने नणंदेकडे पाहिलं. “हत्तीला सात आणि बगळ्याला पन्नास?”

“दहा चाळीसला त्यांचं खाणं असतं. पक्षी बाहेर येतात. मी फोन करून विचारलंय.”

“पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं खाणं तू फोन करून विचारलंस. तू.”

“प्राणी बघायला जायचं तर नीट बघावेत.”

“नणंदबाई,” वहिनी कागदाची घडी घालत म्हणाली, “ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पाणी कुठे मुरतंय ते सांगा, नाहीतर माझं गुरुवारी डोकं दुखणार आहे.”

आत्याने दादाकडे पाहिलं. दादा वर्तमानपत्राच्या मथळ्यातल्या एका वेलांटीवर नाराज होता. मग तिने आतून हिरवी वही आणली, चौथी ओळ दाखवली आणि सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज डेपोतल्या घोषणेसारखा सपाट होता. असा आवाज ती फक्त घाबरल्यावर काढायची.

वहिनीने ओळ वाचली. “म्हणजे तो तपस नसेल तर…”

“दोनशे नव्व्याण्णव.”

“आणि हे कोणाला कळणार आहे?”

“मला.”

“ती एक ओळ वाचलीच नाहीस तर?”

“वहिनी!”

“अगं विचारलं फक्त. तू हो म्हणाली असतीस तर मी तुझ्याशी बोलले नसते.” वहिनी उठली. “जाऊया. बगळ्याला पन्नास मिनिटं दिली. पण माझी एक अट आहे. पाणघोड्याला बारा दहाला कलिंगड देतात, तेव्हा तो जांभई देतो म्हणे, सगळे दात दिसतात. ती जांभई मला हवी.”

आत्याने पेन्सिल उचलली आणि लिहिलं : पाणघोडा, जांभई, बारा दहा.

गुरुवारी आठ चोवीसची बस आठ एकतीसला आली. आत्याने ड्रायव्हरकडे असं पाहिलं की त्याने न विचारताच “पुढे रस्ता खणलाय हो” म्हणून सांगून टाकलं. फाटकात शिरताक्षणी दादाची अकरा मिनिटं पहिल्याच पाटीवर खर्च झाली.

“ह्या ‘क्ष’चं पोट बघ,” तो म्हणाला. “भरपेट जेवून उठल्यासारखं. आणि रेषा? रंगाऱ्याला उचकी लागली होती का?”

“आम्ही पुढे आहोत,” वहिनी म्हणाली. “हरवलास तर सगळ्यात वाईट अक्षराच्या पाटीखाली उभा राहा.”

हत्तीने त्यांच्याकडे पाठ केली होती. आत्याने तीन मिनिटांत त्याला निकालात काढलं. वाघ झोपला होता. दहा अठ्ठावीसला दोघी पाणथळीच्या पिंजऱ्यासमोरच्या बाकावर होत्या.

पिंजरा दोन मजले उंच. आत उथळ पाणी, चिखल, बोरूचं दाट बेट. आत्या दुर्बीण डोळ्यांना लावून ताठ बसली. वहिनीने थर्मास उघडला.

“कुठाय तो?”

“असेल. समोर असेल. तो दिसत नाही, हीच त्याची खूण.”

“असं होय. मग मीही काल रात्री तीन-चार पाहिले.”

दहा बेचाळीसला बादली वाजली. बादलीवाला म्हणजे रबरी बूट घातलेला, मोठ्या मिशांचा, पन्नाशीचा गडी. आत शिरून त्याने मूठभर मासे चिखलात टाकले आणि आत्याला ज्याची आशा होती आणि भीतीही होती ते झालं. बोरूतली एक काडी हलली, काडीला पाय फुटले आणि तपस सावकाश बाहेर आला.

तो वळला. त्याने मासा उचलला. पूर्ण पाठ दाखवून तो परत गेला. पाठीवर रेघा होत्या, गळ्यावर रेघा होत्या. थेंब एकही नव्हता. ठणठणीत कोरडा.

“त्या दिवशी उजेड कमी होता,” आत्या स्वतःशीच म्हणाली. “तिरपा उजेड पडला की कधी कधी पंखांच्या कडा पांढऱ्या…”

“अगं, तो बघ आपला!” वहिनीने तिचा दंड धरला. “दूध सांडलेला!”

पिंजऱ्याच्या बाहेर, खाण्याच्या खोलीच्या पत्र्यावर, पाच-सहा रातबगळे रांगेत बसले होते. संग्रहालयाचे नव्हेत, मोकळेच. बादली कधी रिकामी होते याची वाट बघणारे. रांगेच्या शेवटी एक पोरसवदा होता. तपकिरी, मान वर केलेली, आणि पाठीवर पांढरे थेंबच थेंब.

“त्या दिवशी हाच होता तळ्यावर. म्हणजे असलाच,” वहिनी आनंदाने सांगत होती. “मी म्हटलं नव्हतं का तुला, अंगावर दूध सांडल्यासारखं दिसतंय? तू खाली मान घालून लिहीत होतीस. मी बोलले आणि तू…”

ती थांबली. आपण काय बोललो हे तिला तेव्हा कळलं.

आत्याने दुर्बीण खाली ठेवली. तर असं होतं ते. थेंब तिने पाहिलेच नव्हते. ती तीनशे बघत होती; पक्षी बघितला होता वहिनीने. एकतीस वर्षांची सवय अशी की कानावर पडलं ते हाताने उतरवून घेतलं, डोळ्यांना विचारलंसुद्धा नाही.

“माझी मेलीची जीभ,” वहिनी म्हणाली. “गप्प बसायला काय झालं होतं?”

“गप्प बसली असतीस तर रविवारी मी भर मंडळात खोटं वाचलं असतं.” आत्याने वही उघडली, पट्टी लावून ती नोंद सरळ रेघेने खोडली आणि बाजूला लिहिलं : रातबगळा, पोरसवदा, नंबर चौऱ्याहत्तर पाहा. मग तिने नाक ओढलं. “नव्व्याण्णववर बाद. थोडी इकडे सरक आणि चहा दे.”

दोघी चहा प्यायल्या. वहिनीने तिला उकडलेलं अंडं सोलून दिलं. घरात कोणाचंही काही बिघडलं की ती अंडं सोलून द्यायची. सूर्य अंगावर आला होता. पत्र्यावरचा दूध सांडलेला मोठ्या ऐटीत पिसं साफ करत होता, आणि का कोण जाणे, आत्याला हसू आलं. इतके दिवस ती ज्याच्या नावाने जागी होती, तो हा फुकट जेवणारा पोरगा!

“आणि ती कोण गं?” वहिनी म्हणाली. “चिखलात. ती बारकी, शेपटी उडवतेय ती.”

आत्याने सवयीने पाहिलं, आणि तिच्या हातातलं अर्धं अंडं बाकाखाली गेलं.

बोरूच्या बुंध्याशी मुठीएवढा एक पक्षी चालत होता. पाठ चॉकलेटी, पोट राखाडी, कुशीवर काळे-पांढरे पट्टे, आखूड शेपटी दर पावलाला वर. फटाकडी. दलदलीतून आवाज देणारी आणि कधी म्हणता कधी न दिसणारी. हिच्यासाठी आत्या अकरा हिवाळे गुडघाभर पाण्यात उभी राहिली होती.

“फटाकडी आहे,” ती कुजबुजली.

“वहीत आहे?”

“नाही.”

“मग लिही की! झाले तीनशे!”

“पिंजऱ्यात आहे, वहिनी.”

नियम पहिल्या पानावर होता आणि पहिलं पान आत्यानेच लिहिलं होतं. एवढ्यात बादलीवाला बाहेर आला.

“अहो भाऊ,” वहिनीने त्याला हाक मारली, “ही फटाकडी तुमची का?”

“कोण? ती होय!” त्याने मिशीत हसून घेतलं. “ती फुकटी. आमच्या रजिस्टरात जो खातो त्याचं नाव आहे, बेडकाचंसुद्धा. हिचं नाही. मागच्या कोपऱ्यात गटाराशी जाळी उचललेली आहे, तिथून येते, जेवते, जाते. थंडी संपली की गायब. ते भोक बुजवायचा हुकूम आहे मला. दोन वर्षं बुजवतोच आहे.”

“बघ!” वहिनी म्हणाली. “यांच्या वहीत नाही, म्हणजे तुझ्या वहीत.”

आत्याचा हात वहीवर गेला आणि परत आला. “आत आहे तोवर नाही. स्वतःच्या पायांनी जाळीबाहेर पडू दे. एक वीत का होईना, मोकळ्या जागेत. मग लिहीन.”

“कधी पडते हो बाहेर?” वहिनीने विचारलं.

“पोट भरलं की. कधी अकराला, कधी बाराला. तिचं काही टाइमटेबल नाही.”

आत्याने आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य शांतपणे ऐकून घेतलं.

अकरा वीस झाले. पन्नास मिनिटं संपली. साडेअकरा, पावणेबारा. फटाकडी जेवत होती. एवढ्याशा पोटात एवढं मावतं कुठे, असं वहिनी दोनदा म्हणाली. बारा वाजता लोक पाणघोड्याच्या दिशेने निघाले. आत्याने घड्याळ पाहिलं.

“वहिनी, तू जा. जांभई चुकेल.”

“त्याच्या तोंडात बत्तीस असोत नाहीतर चाळीस, रोज तेच दात. बस गप.”

बारा चारला फटाकडी मागच्या कोपऱ्याकडे वळली. आत्याने दुर्बीण लावली. गटाराची कड आली, जाळीची उचललेली किनार आली, आणि फटाकडी थबकून बोरूत मागे पळाली. कारण भोकापासून दोन हातांवर, जाळीपलीकडे, दादा उभा होता. हात पाठीमागे, मान तिरकी. पाटी वाचत होता.

“अरे देवा,” वहिनी म्हणाली. “सगळं संग्रहालय सोडून!”

ओरडायची सोय नव्हती. आत्याने दोन्ही हात हलवले : जा, जा. दादाने पाहिलं, त्याला बरं वाटलं, त्यानेही दोन्ही हात हलवले. वहिनीने मूठ दाखवली. त्याने पाटीकडे बोट दाखवून ‘बघ, किती वाईट’ अशी मान हलवली आणि तो आणखी जवळ सरकला.

“थांबा,” बादलीवाला म्हणाला. तो लांबून वळसा घेत, रबरी बूट न वाजवता गेला आणि दादाच्या कानाशी काहीतरी बोलला. दादाचा चेहरा एकदम गंभीर झाला. तो तरातरा निघून गेला.

“काय सांगितलंत त्याला?” बादलीवाला परत आल्यावर वहिनीने विचारलं.

“मगरीच्या पाटीवर रंगाचे ओघळ आलेत म्हणालो. म्हटलं, तुमच्यासारख्या जाणकाराने एकदा बघावं.”

“तुम्ही लग्न झालेले दिसता,” वहिनी म्हणाली.

बोरू हलले. फटाकडी निघाली. दोन पावलं, शेपटी. दोन पावलं, शेपटी. जाळीच्या किनारीशी तिने मान वाकवली, तशी वाकवायची गरज नव्हती एवढी ती बुटकी होती, आणि ती बाहेर पडली. बाहेरच्या ओल्या गवतावर, उघड्या उन्हात, कोणाचीही नसल्यासारखी उभी राहिली. कुशीवरचा एकेक पट्टा मोजून घ्यावा. या खेपेला आत्याने वही उघडली नाही. ती नुसती बघत राहिली, फटाकडी पुढच्या झुडपात दिसेनाशी होईपर्यंत.

मग आत्या उठली, तिने वहिनीला धरलं आणि बाकाभोवती दोघींनी एक गिरकी घेतली. वहिनीचा चहा सांडला. पत्र्यावरचे रातबगळे दचकून उडाले आणि बादलीवाला टाळ्या वाजवू लागला.

“आता सांग,” आत्या दम खात म्हणाली, “तू काय काय पाहिलंस? आधी तू. मग मी लिहिते.”

रविवारी मंडळाची खोली भरली होती. आत्याने पहिल्यांदा खोडलेली नोंद वाचली, थेंबांसकट, आणि ती का खोडली तेही सांगितलं. मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नंतर आपापल्या वह्यांकडे. मग तिने दुसरी नोंद वाचली. रंग, पट्टे, शेपटी, वेळ बारा वाजून अकरा मिनिटं.

“जागा,” ती शेवटी म्हणाली, “पिंजऱ्याबाहेर, एक वीत.”

“दीड!” मागून वहिनीचा आवाज आला.

चिटणिसांनी चष्मा सावरला. “त्या कोण?”

“माझे डोळे,” आत्या म्हणाली. तिने ‘एक’ खोडून ‘दीड’ केलं, हिरवी शाई मागून घेतली आणि तीनशेच्या पानावर सातवी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर नवा आखीव कागद होता. घर आठ दहा, बस आठ चोवीस, कंसात, एकतीस. हत्ती नाही, वाघ नाही. दादा, पाट्या : हवा तेवढा वेळ, फक्त गटारापासून लांब. आणि खाली ठळक अक्षरात : पाणघोडा, जांभई, पन्नास मिनिटं.